शस्त्राची रोजची सेवा

आई तुळजाभवानीच्या तुळजापुरात खंडेनवमीचं अप्रूप वेगळं सांगायला नको. त्या दिवशी शस्त्रांना हळदकुंकू वाहिलं जातं. पण शस्त्राची खरी सेवा वर्षभराची असते, असं मला मनापासून वाटतं.

नेमबाजीचंच पाहा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. या खेळात एक टप्पा असा असतो, की लक्ष्य फक्त 3 सेकंद समोर येतं आणि तेवढ्यात एकच गोळी झाडायची असते. तिथं काडतूस अडकलं, तर लय मोडते. दोष बहुतेकदा पिस्तुलावर येतो. अडचण मात्र कितीदा तरी काडतुसं भरतात त्या मॅगझिनमध्येच निघते!

या पिस्तुलाच्या पॉइंट टू-टू काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली, की ते पुढं सरकतच नाही. गोळीवरचं मेण आणि दारूची काजळी आत साचते, मग स्प्रिंग काडतूस वेळेवर वर ढकलत नाही. म्हणून आधी मॅगझिन रिकामं करावं, पिस्तुलाची नळीही रिकामी असल्याची खात्री करावी, मगच मॅगझिन उघडून कोरड्या फडक्यानं पुसावं. आत तेल थापू नये, त्यावर धूळ धरते. मॅगझिनच्या वरच्या पातळ कडा वाकल्या असतील, तर पक्कड न लावता जाणकाराला दाखवावं.

आणि प्रत्येक मॅगझिनवर आकडा घालावा. एकाच आकड्यावर पुन्हापुन्हा अडलं, तर ते सामन्याच्या पेटीत ठेवूच नये.