कमरेचा चाकू

दिवाळीनंतर कापसाचा दुसरा वेचा चालू होता. चुलतभावाचा पोरगा धुरा ओलांडून माझ्याकडे आला, मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, "काका, हा चाकू मांगवू काय?"

चित्रात काळं पातं होतं. पाठीला करवतीसारखे दाते, मुठीच्या बुडाशी होकायंत्र. किंमत साडेआठशे रुपये.

"कायले पायजे तुले?"

"वावरात लागते ना. सुतळी कापाले, ठिबकची नळी कापाले."

"मंग दाते कायले?"

तो हसला. जरा थांबून म्हणाला, "रातच्या पाण्याले एकटा येतो काका. कमरेले काही असलं तं बरं रायते."

दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर मी दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो. पण या पोराच्या बापासमोर माझा हात एकदा चाकूवर गेला होता. आम्ही दोघांनी ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांत तोंडातून काढलेली नाही. त्यामुळे चाकू कोणता घ्यावा, हा साधा प्रश्न मला साधा राहिलेला नाही.

आमचं गाव देवळी तालुक्यातलं. आमच्याकडे वावरात जाणाऱ्या माणसाच्या अंगावर पातं असतंच. बायांच्या हातात विळा, माणसाच्या कमरेला किंवा बंडीच्या खिशात चाकू. खताची थैली फोडायची, बैलाचं दावं कापायचं, तुरीच्या पेंढीचा बंद तोडायचा, पायातला काटा काढायचा, शिदोरीतला कांदा चिरायचा, दातांना लिंबाची काडी काढायची. दिवसातून वीस वेळा तो लागतो आणि एकदाही त्याची आठवण होत नाही. चांगल्या चाकूची हीच खूण, असं बाबा म्हणत.

बाबांचा चाकू मिटणारा नव्हता. मिटणाऱ्याची खिळ ढिली झाली की जोर देताना पातं आपल्याच बोटांवर मिटतं, आणि सांध्यात माती जाऊन बसते ती वेगळीच. त्यांचा चाकू लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून काढलेला होता. पातं चार बोटांचं. त्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंनी तिवसाच्या लाकडाच्या पट्ट्या आणि तीन रिपिटा. म्यान मोच्याकडून शिवून घेतलेलं. बाबांचा नियम एकच होता: वावरात जाताना कमरेला, घरी आल्यावर खुंटीला. बाजारात, लग्नात, ग्रामसभेत चाकू न्यायचा नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

मी दहा-बारा वर्षांचा असेन. काकाचा बैल नाल्याच्या काठावरून घसरला आणि गळ्यातलं दावं बाभळीच्या खुंटात अडकलं. बैल लोंबकळला. त्याचे डोळे बाहेर आलेले मला अजून दिसतात. काका आणि चुलतभाऊ दोघं गाठ सोडायला धडपडत होते. बैलाच्या वजनानं ताणलेली गाठ सुटते काय? बाबा धुऱ्यावरून धावत आले, दाव्याखाली पातं घातलं आणि एका ओढीत कापलं. बैल नाल्यात पडला, उठला, अंग झटकून उभा राहिला. काका खाली बसून रडले. बाबांनी पातं धोतराला पुसलं आणि परत कामाला गेले. त्या दिवसापासून चाकू म्हणजे जीव वाचवणारी वस्तू, असं माझ्या मनात बसलं.

बाबा गेल्यावर तोच चाकू माझ्या कमरेला आला.

मग धुऱ्याचं भांडण झालं. नांगरटीत त्यानं हातभर धुरा माझ्याकडे सरकवला, असं माझं म्हणणं. आधी मी सरकवला होता, असं त्याचं. मोजणी झाली, तरी समाधान कुणाचंच झालं नाही. एका सकाळी आम्ही धुऱ्यावर समोरासमोर आलो. तो माझ्या मायवरून काही बोलला. मी काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. आणि बोलता बोलता माझा हात कमरेला गेला. चाकू काढला नाही. मूठ फक्त पकडली. पण ती पकडली आहे हे मला कळलं तेव्हा तो बोलायचा थांबला होता आणि माझ्या हाताकडे पाहत होता. बैलाचं दावं कापताना ज्यानं हा चाकू पाहिला, त्याच माणसाचे ते डोळे होते.

तो काही न बोलता मागं फिरला. मी तिथंच उभा राहिलो. घाम फुटला होता. या वर्धेच्या मातीतून विनोबा मार्च १९५१ मध्ये पायी हैदराबादकडे निघाले आणि पुढच्या महिन्यात पोचमपल्लीला त्यांना शंभर एकर जमीन दान मिळाली. हे मी शाळेत शिकलो होतो, भाषणात बोललो होतो. आणि हातभर धुऱ्यासाठी माझी मूठ वळली होती.

त्या संध्याकाळी चाकू खुंटीला टांगला तो मोसमभर काढला नाही. मला वाटलं, आपण काही तरी मोठं केलं. वावरात सुतळी दातानं तोडू लागलो. थैली दगडानं फाडू लागलो. एकदा सुतळी तोडताना हिरडीतून रक्त आलं. माय बाजूला वेचत होती. म्हणाली, "दात पाडून घेतल्यानं राग जाते कारे बापा?"

मी चिडलो, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. चाकू टांगून मी शिक्षा कोणाला दिली होती? लोखंडाला. ज्याचा दोष होता तो तर रोज वावरात जातच होता.

मग उलट टोकाला जावं काय? लोखंडाला पाप नाही, सारं माणसाच्या मनात आहे, असं म्हणून मोकळं व्हावं काय? तेही मला पटत नाही. त्या सकाळी कमरेला चाकू नसता तर हात कुठं गेला असता? फार तर गचांडीला. हाताशी जे असतं, रागात मन तिकडं धावतं. वस्तू गप्प असते, पण ती जागा दाखवते.

आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. अवजार म्हणजे कामाचं, शस्त्र म्हणजे लढायचं. पण हत्यार? सुताराची पटाशी हत्यार, न्हाव्याचा वस्तरा हत्यार, आणि खुनाच्या पंचनाम्यात लिहिलं जातं तेही हत्यार. खंडेनवमीला आम्ही विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ धुऊन मांडतो, हळदकुंकू वाहतो. पूजा करताना कुणी वेगळी करत नाही. हा शब्द जसा काही धुऱ्यावरच उभा आहे, दोन्ही वावरांचा.

कायदाही याच ठिकाणी येऊन थांबतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू-खंजीर शस्त्रांत धरले आहेत. पण घरगुती कामासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे फूटपट्टी लावून झाल्यावर कायद्यालाही विचारावं लागतं की हे बनवलं कशासाठी. बाकी गावात बंदोबस्त असेल, पोलिसांचा मनाई हुकूम लागला असेल, तेव्हा काठीसुद्धा घेऊन फिरता येत नाही. बाबांचा खुंटीचा नियम त्यांनी कायदा वाचून केला नव्हता, पण तो तिथंच पोचला होता.

आमचा जिल्हाही असाच. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात येऊन राहिले, त्याचं पुढं सेवाग्राम झालं. आणि इकडं पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा साठा. आम्ही दोन्हींच्या मधे शेती करतो. सेवाग्रामच्या आश्रमात साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. साप निघाला की मारायचा नाही, धरून दूर सोडायचा, यासाठी. मी तो लहानपणापासून पाहत आलो, पण चाकू टांगल्यानंतरच्या वर्षी तिथं बराच वेळ उभा राहिलो. सापाची भीती त्या लोकांनाही होती. नसती तर चिमटा कशाला केला असता? पण काठी उचलण्याआधी ते थांबले. भीतीसाठीही मारल्याशिवाय चालेल असं साधन त्यांनी हातानं बनवलं. साधन निवडतानाच अर्धा निर्णय होऊन जातो, हे मला त्या चिमट्यापाशी कळलं.

त्या वर्षी खुंटीवरचा चाकू मी परत कमरेला लावला. फक्त एक ठरवलं, की धुऱ्यावर बोलायला जायचं असेल तर आधी तो काढून ठेवायचा.

हे सगळं त्या पोराला कसं सांगणार? मी म्हटलं, "रानडुकरापुढं हे पातं काय कामाचं? तो टप्प्यात यायच्या आधी तुले पाडीन. रातच्याले बॅटरी ने, लांब काठी ने, आन् सोबत कोणी ने. माणसाच्या भेवानं घेत असशीन तं मले सांग, कोणाचं भेव हाये ते."

"तसं काई नाई," तो म्हणाला. पण मोबाईल खिशात घातला.

दोन दिवसांनी आम्ही लोहाराकडे गेलो. साडेआठशेचा चाकू परवडत नाही अशातला भाग नव्हता. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा म्हणत, की वस्तू घेणारा तिच्या मागच्या सगळ्या व्यवहारातही वाटेकरी होतो. मला त्याचा साधा अर्थ असा लागतो: ज्याच्या भात्यासमोर उभं राहून पातं घेतलं, त्याला ते कशासाठी घेतलं हे सांगावं लागतं. डब्यातून आलेला चाकू काही विचारत नाही.

लोहारानं पहिल्यांदा विचारलंच, "काय कापतं?" पोरानं सांगितलं. त्यावरून पात्याची लांबी ठरली, चार बोटं. टोक फार अणकुचीदार नको, थैली फोडण्यापुरतं. पाठ जाड, म्हणजे अंगठा टेकवून जोर देता येतो. मूठ पोराच्या हाताच्या मापाची. त्यानं पाटा लाल केला, ठोकला, पाणी दिलं. पोरगा म्हणाला, "झाला?" लोहार म्हणाला, "आता तो कडक झाला. असाच देला तं काचेसारखा तुटन." मग त्यानं पातं घासून पांढरं केलं आणि विस्तवावर हळूहळू परत तापवलं. गव्हाळ रंग धरताच बाहेर काढलं. कडकपणा थोडा उतरवल्याशिवाय पातं टिकत नाही. मुठीसकट दोनशे रुपये घेतले. हे पातं गंजतं, म्हणून काम झालं की पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, एवढं बजावलं.

येताना मी पोराला माझा नियम सांगितला: हा चाकू ज्या माणसासमोर काढायची लाज वाटेल, त्याच्याकडे जाताना तो घरी ठेवायचा. आणि ज्याच्यावर राग आहे त्यानं मागितला तर देता आला पाहिजे, मुठीकडून.

तो म्हणाला, "तुमी कधी देला काय?"

मी गप्प राहिलो. पोरानं बापाकडून काही ऐकलं होतं की सहजच विचारलं, मला कळलं नाही.

संध्याकाळी तो धुऱ्यावर बापाला चाकू दाखवत होता. मी माझ्या बाजूला पऱ्हाटीत होतो. भावानं पातं नखावर टेकवून धार पाहिली, मूठ आवळून पाहिली, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मोठ्यानं, मला ऐकू येईल असं विचारलं, "कितीले पडला?"

"दोनशे," मीच बोललो.

"बरा हाये," तो म्हणाला.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं असं नाही. पण माझा चाकू कमरेला असताना तो धुऱ्यापासून जेवढा दूर उभा राहायचा, तेवढा त्या दिवशी नव्हता.