सीनेपलीकडे

मराठेशाहीच्या कागदांत गावे परागंदा झाल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा भेटतात. कधी दुष्काळाने, कधी लष्कर शेतांवरून गेल्याने, कधी कमाविसदाराने वसुलीपायी जीव नकोसा केल्याने. यातला तिसरा प्रकार मला सर्वांत बोलका वाटतो. पाटील-कुळकर्ण्यांसह गाव उठायचे आणि शेजारच्या परगण्यात, प्रसंगी दुसऱ्याच्या राज्यात जाऊन बसायचे. पेरणीचे दिवस जवळ आले की सरकारचा धीर सुटायचा. मग कौल निघायचा: मागची बाकी माफ, पहिली काही वर्षे हलका सारा, पुढे तो इस्ताव्याने हळूहळू वाढवायचा, बैल-बियाण्याला तगाई द्यायची. रयत अटी ठरवून परतायची.

आमच्या बीडच्या मुलखाला हा मार्ग जवळचा असणार. गोदावरीच्या दक्षिणेचा हा पट्टा निजाम आणि पेशवे यांच्या कात्रीत सापडलेला होता. १७६३ साली राक्षसभुवनला दोघांची लढाई झाली ती आजच्या गेवराईच्या बाजूला. १७९५ सालची खर्ड्याची लढाई आपल्या वेशीबाहेर लगेच, जामखेडकडे. दोन्ही फौजांनी पिके तुडवली हे खरेच. पण दोन राज्ये इतकी लगत असली की शेतकऱ्याच्या हाती एक गोष्ट येते. एकाने छळले तर दुसऱ्याकडे जाता येते, आणि हे दोघांनाही ठाऊक असते.

गावात कोणाला जाता येत असे, हेही पाहण्यासारखे आहे. मिरासदाराची मुळे खोल. जमीन वंशपरंपरेची, गावच्या मानपानात हक्क, अनेक वर्षे बाहेर राहून आला तरी मिरास मागता येई. या हक्काच्या बदल्यात तो पूर्ण सारा भरायचा. उपऱ्याला असा हक्क नव्हता. तो करार करून जमीन कसायचा, जमले नाही तर पुढच्या गावाला जायचा, आणि जाऊ शकतो म्हणूनच त्याला पुष्कळदा कमी दराने जमीन मिळायची. म्हणजे ज्याचे गावात काही नव्हते त्याच्या हातात निघून जाण्याचे बळ होते, आणि ज्याचे सगळे होते तो बांधलेला होता. या बळामागे साधे कारण होते: जमीन उदंड होती, कसणारे हात कमी होते. ओसाड गावातून राजाला दाणाही मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात हे गणित फिरले. लोकसंख्या वाढली, पडीक जमिनी नांगराखाली आल्या, कायम मोजणी झाली. एक कूळ गेले तर दुसरे दारात उभे राहू लागले. रयत नंतरही जात राहिली, पण तिला परत बोलावणारा कौल दुर्मीळ झाला.

त्यानंतर निघून जाण्याचा हा विचार बीडमध्ये वेगळ्या रूपात आला, तो निजामाच्या राज्यात. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला आले आणि योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी घेतली. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामींनी शाळा सोडली आणि सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. त्यांना आसरा मिळाला संस्थानाबाहेर. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. या मुलांचे जाणे परागंदा रयतेसारखे नव्हते. सवलत मागायला ती गेली नव्हती, निजामाने परत बोलावावे अशी अपेक्षाही नव्हती. बाहेर जाऊन शिकायचे, आणि शिकून आतल्या लढ्यात परतायचे, हा त्यांचा बेत होता.

१९४७ साली हा बेत लोकांचा झाला. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, निजाम सामील झाला नाही. १५ ऑगस्टला स्वामी अटकेत गेले. कासीम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढत गेला. आष्टी, पाटोदा, गेवराईच्या बाजूने माणसे हद्द ओलांडू लागली. आष्टीच्या बाजूला सीना नदी पुष्कळ अंतर निजामाचा मुलूख आणि नगर जिल्हा यांच्या मधून वाहते. अलीकडे मोगलाई, पलीकडे स्वतंत्र देश. वकिलांनी कोर्टे सोडली, शिक्षकांनी शाळा, आणि नगर-सोलापूरच्या सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या पडल्या. दिगंबरराव बिंदूंच्या नेतृत्वाखालची कृती समिती बाहेरून हा लढा चालवत होती. छावण्यांतली पोरे रात्री अलीकडे येऊन करोडगिरीचे नाके आणि पोलीस ठाणी गाठत आणि परत जात.

मला या छावण्यांचे महत्त्व शौर्याहून वेगळ्या कारणाने वाटते. निघून जाणे आणि आवाज उठवणे या दोन गोष्टी एरवी एकमेकींना मारक असतात. जो जातो त्याला भांडायची गरज उरत नाही. जो भांडतो त्याला जाऊन चालत नाही. सीनेच्या काठावर त्या एकत्र आल्या. जाणारा माणूस नजरेच्या टप्प्यावर थांबला. आपले घर, आपले रान त्याला पलीकडून दिसत होते, म्हणून त्याचे जाणे सुटका ठरले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला आणि गेलेली माणसे परतली. हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि तो साजरा करावाच. पण या विचाराचा इतिहास सांगणाऱ्याला त्यापुढचे आठवडे वगळता येत नाहीत. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्याच्या खेड्यांत मुसलमानांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल समितीने त्या हिवाळ्यात हे प्रदेश फिरून पाहिले. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला बसली, आणि त्याखालोखालच्या जिल्ह्यांत बीडचे नाव आहे. रझाकारांशी कसलाही संबंध नसलेल्या विणकरांना, शेतमजुरांना, छोट्या नोकरदारांना गाव सोडावे लागले. कोणी हैदराबाद शहरात गेले, काही पाकिस्तानात. सरकार बदलले तशी जाणारी माणसे बदलली, एवढाच बदल त्या गावांत झाला. या माणसांसाठी कौल निघाला नाही.

निघून जाण्याचा हा प्रश्न दूर अमेरिकेतही होता. त्याच १९४८ च्या नोव्हेंबरात जेम्स बाल्डविन हा चोवीस वर्षांचा काळा लेखक न्यूयॉर्क सोडून पॅरिसला गेला. खिशात जेमतेम ४० डॉलर. वर्णद्वेषाच्या देशात राहिलो तर एक तर मरू किंवा कोणाला तरी मारू, अशी त्याची मनःस्थिती होती. पुढे तो वारंवार परतला, नागरी हक्कांच्या लढ्यात उभा राहिला, आणि दूर राहूनच त्याने अमेरिकेविषयी तिला सर्वांत जास्त झोंबणारे लिहिले. त्याच्या आधीच्या पिढीतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस १९६१ साली नव्वदीपार वयात घानाला गेले ते परतले नाहीत. १९६३ साली तिथेच वारले.

अमेरिकेला हे नवे नाही. तो देश जन्मला तेव्हाच इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ असलेली हजारो कुटुंबे कॅनडात गेली. व्हिएतनाम युद्धात लष्करभरती नाकारणारे तरुण तिकडेच गेले, आणि २१ जानेवारी १९७७ रोजी, शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, जिमी कार्टर यांनी त्यांना माफी जाहीर केली. तो जवळजवळ कौलच होता. नोव्हेंबर २०१६ च्या निकालाच्या रात्री कॅनडाच्या स्थलांतर खात्याचे संकेतस्थळ गर्दीने बंद पडले. गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत १५ ते ४४ वयाच्या अमेरिकी स्त्रियांपैकी ४० टक्के स्त्रियांनी संधी मिळाल्यास कायमचे परदेशी जाऊ असे सांगितले. २०१४ साली हेच प्रमाण १० टक्के होते. आपली मुले ज्या देशात जाण्यासाठी वर्षानुवर्षे व्हिसाच्या रांगेत उभी आहेत, तिथल्या तरुण बायकांना तो सोडावासा वाटतो. मी हे गंभीरपणे घेतो. इच्छा सांगणे आणि जाणे यांत फार अंतर आहे. पण इच्छाही राज्यकर्त्याला काही तरी सांगत असते.

या प्रश्नावर सर्वांत नेमका विचार ज्याने केला, तो स्वतः निघून गेलेला माणूस होता. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमनने १९३३ साली, नाझी सत्तेवर आल्यावर, बर्लिन सोडले. १९७० साली त्याचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ आले. बिघडत चाललेल्या व्यवस्थेला माणसे दोन प्रकारे उत्तर देतात, सोडून जातात किंवा बोलतात, आणि सर्वांत बोलके लोक आधी निघून गेले की आतला आवाज कमजोर होतो, असे त्याचे म्हणणे होते. १९८९ साली पूर्व जर्मनीत उलटे घडले. हजारो लोक हंगेरीमार्गे बाहेर पडले, आणि त्यांच्या जाण्याने धीर येऊन मागे राहिलेले दर सोमवारी लायप्झिगच्या रस्त्यावर उतरले: आम्ही इथेच राहणार म्हणत. हिर्शमनने १९९३ साली नवा लेख लिहून आपली मांडणी सुधारली. सीनाकाठची गोष्ट त्याला कोणी सांगितली असती, तर त्याला हे चाळीस वर्षे आधीच दिसले असते असे मला वाटते.

आजच्या अमेरिकी असंतुष्टात मला जे उणे वाटते ते इथे. तो एकटा जातो. गाव उठले तर वसूल बुडतो, छावणी उभी राहिली तर नाके पडतात. एक कुटुंब लिस्बनला गेले तर वॉशिंग्टनचे काहीच अडत नाही. उलट विरोधातले एक घर कमी होते. आणि जुन्या उपऱ्याचे बळ आता दुसऱ्याच हातात आहे. आज ज्याच्याकडे पासपोर्ट, पदवी, शिल्लक आणि घरून करता येणारी नोकरी आहे त्यालाच जाता येते. ज्याच्यावर राज्याचा सर्वांत मोठा अन्याय होतो त्याला व्हिसा मिळत नाही. जाणाऱ्याला मी पळपुटा म्हणणार नाही. रझाकारांच्या वेळी सीना ओलांडणाऱ्याला कोणी तसे म्हणाले असते तर ते किती चूक ठरले असते! माझा प्रश्न वेगळा आहे. नदी ओलांडल्यावर तो कुठे थांबतो, अलीकडचा काठ दिसेल इथे, की त्याच्याही पुढे?

एक प्रकार असाही आहे ज्यात माणूस जागचा हलत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक त्यांच्यासोबत धर्मातून बाहेर पडले. घर तेच, वस्ती तीच, पण विषमतेची जुनी सनद नाकारलेली. मधली २१ वर्षे हिंदू समाजाला सुधारायला दिलेली मुदतच होती, आणि ती वाया गेली. आणखी एक रूप अलीकडचे. वर्ध्याच्या डोर्ली गावाने ‘गाव विकणे आहे’ अशी पाटी लावली. नांदेडच्या धर्माबाद भागातल्या सरपंचांनी २०१८ पासून तेलंगणात जाण्याची मागणी केली, कारण तिथे रयतू बंधूतून एकरी हंगामाला ४ हजार रुपये मिळू लागले होते. सांगलीच्या जत तालुक्यातल्या गावांनी २०२२ साली कर्नाटकात जाऊ म्हटले. कर्नाटकाने तुबची-बबलेश्वरचे पाणी जतच्या हद्दीत सोडले, आणि इकडे विस्तारित म्हैसाळ योजनेच्या कागदांना एकदम गती आली. शिवारासकट जातो म्हणणारे हे लोक मला परागंदा रयतेचे खरे वारस वाटतात. ते एकटे बोलले नाहीत, म्हणून त्यांचे ऐकले गेले.

बीडला मात्र अशी सरहद्द उरलेली नाही. चहूबाजूंनी महाराष्ट्रच. इथून दरवर्षी जी माणसे जातात ती रागाने जात नाहीत, उचल घेऊन जातात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे, कर्नाटकात निघतात, आणि पट्टा पडला की परततात. जाणे इतके नेमाचे झाले की ते राजकीय आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. जिल्ह्यात पाणी आणि काम असते तर किती कोयते बांधले गेले असते? कोरडवाहू बीड हे दशकानुदशकांच्या निर्णयांचे फळ आहे, आणि जाणारा त्या निर्णयांविरुद्ध बोलूही शकत नाही, कारण बोलायच्या दिवशी तो फडात असतो. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले, आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. मुकादमाने, पक्षाने गाड्या पाठवल्या तर माणूस येतो. नाही पाठवल्या तर एका मतासाठी तो दोन दिवसांची मजुरी आणि भाडे कुठून आणणार?

लिस्बनला गेलेल्या अमेरिकी माणसाला १९८६ च्या कायद्याने टपालाने मत देता येते, तो जगात कुठेही असो. आपल्या निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत स्थलांतरितांसाठी यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मत घेता येणार होते. पक्षांनी शंका काढल्या आणि विषय मागे पडला. यंत्रावर विश्वास नसेल तर टपाल आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६० खाली टपाली मताचे नवे वर्ग ठरवता येतात; ८५ वर्षांपुढचे वृद्ध आणि अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी असेच त्यात आले. ऊसतोड मजुरांची यादी मुकादमाकडे असते, करार कारखान्याकडे असतो, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या कामांत नोंदणीही आहे. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर आहे हे नोव्हेंबरात शोधावे लागत नाही. पुढची विधानसभा निवडणूक २०२९ मध्ये पुन्हा हंगामाच्या तोंडावरच येईल. जिल्ह्याच्या सहाही आमदारांनी, पक्ष कोणताही असो, तोवर आयोगाकडून ऊसतोड मजुरांना टपाली मताचा वर्ग ठरवणारी अधिसूचना काढून घ्यावी. फडातल्या माणसाची मते त्यांनाच हवी आहेत.