खेळण्यांतला रणगाडा : जोडावा कीं जाळावा ?

चिमूर भागांतील एका उपदेशक बंधूंनीं पत्रानें एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मंडळींतील एका तरुणास शहरांत राहणाऱ्या मामाकडून एक जुनी पेटी मिळाली. दुसऱ्या महायुद्धांत माटिल्डा नांवाचा जो ब्रिटिश रणगाडा होता, त्याची लहान प्रतिकृति जोडण्याचे प्लास्टिकचे सुटे भाग तींत आहेत. तरुण रोज संध्याकाळीं चाकूनें एकेक भाग चौकटीवरून कापतो, कानशीनें घासतो आणि डिंकानें चिकटवितो. मंडळींतील वडील म्हणतात, मनुष्यवधाचें यंत्र ख्रिस्ती घरांत नको, चुलींत घाला. तरुण म्हणतो, हें खेळणें आहे, ह्यानें कोण मेलें ? आतां बंधूंनीं कोणाची बाजू घ्यावी ?

प्रिय वाचकहो, मला दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात.

वडिलांचें पाहूं. त्यांच्या मनांत जी भीति आहे ती खोटी नाहीं. मुलाचा हात ज्यांत रमतो त्यांत त्याचें मनही रमतें, हें त्यांस अनुभवानें ठाऊक आहे. परंतु भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यांत आहे. तेथें खरा दारूगोळा तयार होतो, आणि तेथील पगारावर कितीएक घरांच्या चुली पेटतात. त्या पगारांतून आलेलें दान कोणत्या मंडळीनें परत केल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं. त्या कामगारांस मी दोष देत नाहीं. त्यांचें काम जिवावरचें आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या अशाच कारखान्यांत २४ जानेवारी २०२५ रोजीं स्फोट होऊन कामगार दगावले, हें आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. माझें म्हणणें इतकेंच कीं, जो खऱ्या गोळ्याविषयीं गप्प राहतो त्यानें वीतभर प्लास्टिकवर राग काढणें हें स्वस्त धर्माचरण होय. शिवाय प्लास्टिक चुलींत जाळल्यानें घरभर विषारी धूर होतो, तो निराळाच.

आतां तरुणाचें. तो म्हणतो, हें लहान आहे. तर किती लहान, हें मोजून पाहूं. अशा पेट्यांवर बहुधा १ : ३५ असें प्रमाण लिहिलेलें असतें. खरा माटिल्डा सुमारें ५.६ मीटर लांब होता, म्हणून प्रतिकृति १६ सेंटिमीटरांची होते. वजनाचा हिशेब मात्र वेगळा आहे. लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही पस्तीस पटींनीं घटलीं म्हणजे वजन ४२,८७५ पटींनीं घटतें. खरा रणगाडा सुमारें २७ टनांचा. तोच लोखंडाचा ह्या प्रमाणांत केला तर सुमारें ६३० ग्रॅम भरेल, आणि प्लास्टिकचा तर त्याहूनही हलका. पांच बैलगाड्यांनीं न हलणारी वस्तु मूल तळहातावर घेऊन फिरतें. लांबी घटली, वजन घटलें. पण आंत बसलेल्या माणसाची भीति कोणत्या प्रमाणानें घटवावी? समोर उभ्या असलेल्याचा जीव पस्तिसांनीं भागतां येतो काय ?

माटिल्डांत चार माणसें बसत : चालक, नायक, तोफ डागणारा आणि गोळा भरणारा. पुढल्या बाजूस ७८ मिलिमीटरपर्यंत जाडीचें पोलाद होतें. ९ डिसेंबर १९४० रोजीं पहाटे इजिप्तच्या वाळवंटांत निबेइवा येथील इटालियन छावणीवर हे रणगाडे हिंदुस्थानच्या चौथ्या डिव्हिजनबरोबर चालून गेले. इटालियन तोफांच्या गोळ्यांनीं तें पोलाद फुटेना. आणि छावणीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या रणगाड्यांत इटालियन शिपायांस वेळेवर चढतांही आलें नाहीं. पुढें मार्च १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांत तेंच पोलाद निरुपयोगी ठरलें, कारण घाटाची वाट दगड लोटून बंद केलेली होती. तेथें पांचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे जवान उघड्या कड्यांवर पायींच चढले, व त्यांतले पुष्कळ तेथेंच राहिले. वाट मोकळी होऊन २७ मार्चला रणगाडे पुढें गेले ते त्यांच्या मागून. हें पेटीवरच्या चित्रांत नसतें.

येथें एक गोष्ट सहज सांगतों. १९१५ सालीं इंग्रजांनीं हें यंत्र गुप्तपणें घडविलें, तेव्हां हीं पाण्याचीं टांक आहेत अशी हूल उठविली, आणि तेंच नांव राहिलें. कांहीं कोशकार त्या इंग्रजी शब्दाचें मूळ आपल्याच गुजराती-मराठी 'टांकें' ह्या शब्दांत पाहतात. किल्ल्यावर तहान भागविणाऱ्या टाक्याचें नांव फिरत फिरत जाऊन मारण्याच्या यंत्रास लागलें ! मराठीनें मात्र रणगाडा असें सरळ म्हटलें.

लपविण्याची ती खोड प्रतिकृतींतही उतरते. ती जोडणारा एकेक खिळा मोजतो, गंजाचा डाग व वाळूची धूळही हुबेहूब रंगवितो. आणि माणूस म्हणून पेटींत बहुधा कंबरेपासून वरचा अर्धा पुतळा असतो, झांकणांतून डोकावण्यापुरता. खालीं पाय नसतात, कारण ते दिसत नाहींत. बाकीचे तिघे तर नसतातच. खिळ्याविषयीं इतका खरेपणा आणि माणसाविषयीं इतकी काटकसर, ह्यांत मला दोष दिसतो. यंत्राचें चित्र काढणें हा दोष नव्हे.

चिमूरच्या वाचकांस हें अधिक स्पष्ट करणें नलगे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, तेथें मिरवणुकीवर गोळी चालली आणि बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अंमलदार मारले गेले. मागून लष्कर आलें, आणि घरांत राहिलेल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठीं प्रा. भणसाळींनीं ६३ दिवस उपवास केला. ही हकीकत कोणी गोळीपाशीं थांबवून सांगतो, कोणी अंमलदारांच्या मृत्यूपाशीं, आणि स्त्रियांची गोष्ट तर पुष्कळदां गाळलीच जाते. जो तो आपल्या सोयीचा अर्धा पुतळा उभा करतो.

म्हणून बंधूंस माझें उत्तर असें : पेटी जाळूं नये, आणि खेळणेंच आहे असेंही म्हणूं नये. तरुणास काम पुरें करूं द्यावें. वरचें झांकण चिकटविण्यापूर्वीं मात्र त्यानें कागदाचे चार तुकडे कापून त्या चौघांच्या जागा आंत मांडून पाहाव्या, आणि गोळा भरणाऱ्यास बाहेर पडण्यास वाट कोणती होती हें वडिलांस बोटानें दाखवावें. वडिलांनीं तें बसून पाहावें. त्यांच्यापैकीं कोणी १९४२ ची हकीकत आपल्या आईबापांकडून ऐकली असल्यास त्याच बैठकींत ती पुरी सांगावी, मधलें कांहीं न गाळतां.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. त्या डिंकाचा वास डोक्यास चढतो, तेव्हां काम दार उघडें ठेवून करावें. आणि जुन्या पेटींतले रबरी पट्टे बहुधा कडक झालेले असतात, ते ओढून बसवूं नयेत, तुटतात.