अब्रूची कणव आणि समुद्रापारची स्त्री

दूरच्या समाजातील स्त्रीविषयी बोलण्याचा अधिकार अभ्यासकाला कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न आपल्याकडे सहसा संशोधनपद्धतीच्या प्रकरणात उरकला जातो. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे. तेजस्विनी निरंजना यांचा अभ्यासप्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘सायटिंग ट्रान्सलेशन’ (1992) या ग्रंथात त्यांनी भाषांतर आणि वसाहतिक सत्ता यांचे नाते तपासले. ‘मोबिलायझिंग इंडिया’ (2006) मध्ये त्या त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या स्त्रिया आणि त्यांचे संगीत यांकडे वळल्या. क्षेत्र बदलले; परंतु कोणाची प्रतिमा कोण घडवतो, हा प्रश्न तोच राहिला.

1845 ते 1917 या काळात सुमारे 1 लाख 44 हजार भारतीय करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादला गेले. त्यांतील कित्येक स्त्रिया एकट्या होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेल्या. ही पद्धती बंद करण्याचा गोखल्यांचा ठराव 1912 साली वरिष्ठ कायदेमंडळात फेटाळला गेला. पुढे चळवळीला धार आली ती मळ्यांवरील स्त्रीच्या अब्रूच्या मुद्द्याने. मजुरी आणि फटके मागे पडले. राष्ट्रवादाची ‘भारतीय स्त्री’ या दुसऱ्या स्त्रीला बाहेर ठेवूनच घडली, हे निरंजना यांचे प्रतिपादन येथे कळीचे ठरते. 1980 नंतर द्रौपदी रामगुनाई चटणी-सोका गाऊ लागल्या, तेव्हा त्रिनिदादमधील काही हिंदूंनी त्यांच्यावर घेतलेला आक्षेपही अब्रूचाच होता.

हे सारे तिकडचे, असे म्हणून मराठी वाचकाची सुटका होत नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी विधवा आणि मुली आणल्या; दौंड तालुक्यातील केडगावचे ‘मुक्ती’ त्यांतून उभे राहिले. रमाबाईंच्या कार्याला धर्मप्रसाराची चौकट होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या स्त्रियांविषयीची मराठी चर्चा बहुतांशी धर्मांतराभोवतीच फिरत राहिली. घर सुटलेल्या स्त्रीला काय हवे होते, हे मिशनचा अहवालही विचारीत नाही आणि त्याचा प्रतिवाद करणाराही नाही. दोघांनाही ती पुरावा म्हणून हवी असते. (स्त्रीवादी संशोधकालाही ती तशीच हवी असू शकते.) केडगावच्या छापखान्यात रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचे खिळे याच स्त्रिया जुळवीत होत्या.