नदीवरचा पूल, रस्त्यावरची रेघ

बोस्नियातील मोस्तार शहराचे नावच मुळी पुलावरून पडले. तिथल्या भाषेत 'मोस्त' म्हणजे पूल आणि 'मोस्तारी' म्हणजे पुलाचे राखणदार. (आपल्या मराठीतला 'पूल' फारसीतून आला आहे, तो परका आहे असे कुणाला वाटत नाही.) नेरेत्वा नदीवरची ती एका कमानीची वास्तू सुलतान सुलेमानच्या हुकुमावरून सिनानचा शागीर्द मिमार हैरुद्दीन याने उभारली. १५६६ मध्ये काम पुरे झाले आणि पुढे ४२७ वर्षे पूल टिकला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट फौजेच्या तोफगोळ्यांनी तो नदीत कोसळला.

२३ जुलै २००४ रोजी नवा पूल खुला झाला. दगड त्याच परिसरातला, पद्धत जुनीच: दगडांना लोखंडी आकडे आणि सांध्यांत वितळलेले शिसे. पैसा अनेक देशांनी दिला, त्यात क्रोएशियाही होता. पुढच्याच वर्षी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. सर्वत्र एकच शब्द ऐकू आला: समेट.

पण नकाशा पाहावा. युद्धात शहर दुभंगले ते नदीवर नव्हे, तर तिच्या पश्चिमेला थोड्या अंतरावरच्या बुलेवार या रस्त्यावर. पुलाची दोन्ही टोके बोस्नियाक मुसलमानांच्याच ताब्यातील भागात होती. म्हणजे ज्या दोघांना जोडायचे, त्यांच्यामध्ये हा पूल नव्हताच! मग आपण त्याच्याकडून नेमके काय मागत होतो?

मला वाटते, आपण माफी मागत होतो, आणि ती दगडाकडून मागणे सोपे असते. दगड नाही म्हणत नाही. माफी देण्याचा हक्क ज्याच्यावर जुलूम झाला त्याचाच. सरकार, दाते किंवा युनेस्को ती त्याच्या वतीने देऊ शकत नाहीत. शहराजवळच्या हेलिओद्रोम छावणीत डांबलेल्या मुसलमानाला उद्घाटनाच्या आतषबाजीने काय मिळाले, हे त्यालाच विचारावे लागेल.

आता आपल्याला अवघड जाणारी गोष्ट. पूल पडण्याच्या दोन महिने आधी, सप्टेंबर १९९३ मध्ये, मोस्तारच्या उत्तरेला ग्राबोवित्सा गावात क्रोएट नागरिकांची हत्या झाली, आणि मारणारे बोस्नियाक फौजेतले सैनिक होते. पुलाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. ग्राबोवित्साचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आपल्या पुलासाठी आपण रडतो आणि त्यांच्या मेलेल्यांबद्दल गप्प बसतो, तेव्हा आपला इन्साफही एकाच काठावर थांबलेला असतो. दोन्ही गुन्हे सारखे होते असे मी म्हणत नाही. वांशिक शुद्धीकरणाची मोहीम वेगळी आणि तिची जबाबदारी हेगच्या न्यायालयाने क्रोएट नेत्यांवर ठेवली. पण ग्राबोवित्सातल्या मृताच्या नातेवाइकाला ही तुलना ऐकवण्यात अर्थ नाही.

तरीही पूल बांधला ते योग्यच केले. पाडणाऱ्याचे काम कायम का राहू द्यायचे? फक्त त्याला साक्षीदार म्हणावे, पंच म्हणू नये. जुन्या पुलाचे काही दगड पाणबुड्यांनी नदीतून वर काढले होते. त्यांतले बहुतेक नव्या कमानीत बसले नाहीत.

२००८ नंतर थेट डिसेंबर २०२० पर्यंत मोस्तारमध्ये नगरपालिकेची निवडणूक झाली नाही. नेत्यांचे नियमांवर एकमत होईना. त्या सगळ्या वर्षांत पुलावरून पर्यटक जात होते आणि मोस्तारची पोरे जुन्या रिवाजाप्रमाणे खाली नेरेत्वाच्या थंड पाण्यात उड्या घेत होती.