खापर हर्स्टच्या माथी

सिन्नरमध्ये मध्यंतरी एका विद्वान प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. त्यांनी ठणकावून सांगितलं की युद्धं सरकारं करत नाहीत, बातम्या विकणारे करतात. दाखला ठरलेलाच, अमेरिकी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टचा. त्याने क्यूबात धाडलेला चित्रकार रेमिंग्टन तार करतो की इथे सारं शांत आहे, लढाई काही होत नाही. हर्स्ट उलट कळवतो की चित्रं तू धाड, लढाईचं मी बघतो. टाळ्या पडल्या. मग प्राध्यापक आजच्या वाहिन्यांवर आले आणि हेच लोक उद्या आपल्याला युद्धात लोटणार, असं भाकीत करून मोकळे झाले. पुन्हा टाळ्या. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता, चहाला होता. म्हणून हा लेख.

ती तार आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही. तिची गोष्ट पहिल्यांदा छापली ती जेम्स क्रीलमन या बातमीदाराने, १९०१ साली, आपल्या आठवणींच्या पुस्तकात. तार झाली म्हणतात त्या काळात क्रीलमनची स्वारी स्वतः युरोपात होती. हर्स्टने गोष्ट नाकारली. शिवाय रेमिंग्टन जानेवारी १८९७ मध्ये हवानाला पोचला तेव्हा स्पेनविरुद्धचं बंड जवळजवळ दोन वर्षं पेटलेलं होतं. सारं शांत असल्याची तार तो कशाला करेल? म्हणजे वृत्तपत्रांच्या थापांविरुद्ध आपण सव्वाशे वर्षं जो पुरावा मिरवतो आहोत, तीच बहुधा एका वृत्तपत्रवाल्याची थाप.

हर्स्ट साधू होता असं मला म्हणायचं नाही. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली, अडीचशेहून जास्त माणसं मेली, आणि त्याच्या 'न्यूयॉर्क जर्नल'ने चौकशीआधीच स्पेनला गुन्हेगार ठरवलं. अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की आग बहुधा बोटीच्याच कोळशाच्या कोठारात लागली असावी. पण हर्स्ट क्यूबासाठी ओरडत होता, आणि स्पेनशी युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेच्या हाती फिलिपिन्सही आलेलं होतं. तो हिशोब वॉशिंग्टनमध्ये झाला. हर्स्टची गोष्ट आपल्याला आवडते, कारण तिच्यात एकच चोर आहे. राष्ट्राध्यक्ष सुटतात, संसद सुटते, एका सेंटचा अंक रांगेत उभं राहून घेणारा वाचकही सुटतो.

घरचे दाखले तर प्राध्यापकांच्या साफ विरोधात जातात. २६/११ नंतर वाहिन्यांवर युद्धाची मागणी कमी झाली का? मनमोहन सिंग सरकारने युद्ध केलं नाही. डिसेंबर २००१ च्या संसद हल्ल्यानंतर वाजपेयींनी सीमेवर फौज उभी केली, महिनोन् महिने उभी ठेवली आणि परत बोलावली. त्याच वाजपेयींच्या काळात, डिसेंबर १९९९ मध्ये, आयसी-८१४ हे विमान पळवून कंदहारला नेलं गेलं तेव्हा ओलिसांच्या नातेवाइकांचा आक्रोश दिवसरात्र पडद्यावर होता. तो दबाव लढण्यासाठी नव्हता, अतिरेकी सोडून माणसं परत आणण्यासाठी होता. मसूद अझहर सुटला. वाहिनीला युद्ध हवं असतं, हे म्हणणंच ढिसाळ आहे. तिला आक्रोश लागतो. तो कुठल्या बाजूचा, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. लढायचं की नाही, हे राज्यकर्ते आपल्या हिशोबाने ठरवतात.

इथेच थांबलो असतो तर प्राध्यापकांवर सरळ मात झाली असती. पण १९६२ आडवं येतं.

ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिन्यांशी चकमक झाली. २१ ऑक्टोबरला लडाखात हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याने आपल्या पोलीस तुकडीवर गोळीबार केला, दहा पोलीस गेले. (पोलीस स्मृतिदिन त्याच तारखेला असतो.) मधल्या सप्टेंबरात नेहरूंनी चीनशी सीमेवरून झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका संसदेपुढे ठेवली. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं एकदम उघडं पडलं आणि वृत्तपत्रं व विरोधक तुटून पडले. त्यात त्यांची चूक नव्हती. लपवाछपवी खरीच होती. परिणाम मात्र असा की एप्रिल १९६० मध्ये चाऊ एन-लाय दिल्लीत आले तेव्हा देवाणघेवाणीची भाषा उच्चारणंही नेहरूंना जड झालं होतं. नोव्हेंबर १९६१ पासून पुढे सरकून चौक्या उभारायचं धोरण आलं. नकाशावर ते धोरण मर्दानी दिसत होतं. डोंगरात त्या चौक्यांना रसद पोचत नव्हती.

मग ११ ऑक्टोबर १९६२ ची रात्र. आदल्या दिवशी त्सेंगजोंगला चिन्यांनी आपलं बळ दाखवलं होतं. जनरल कौल नेफातून, म्हणजे आजच्या अरुणाचलातून, येऊन नेहरूंना सांगतात की चिन्यांना हुसकावणं सध्या शक्य नाही. बैठकीत ठरतं की चढाई लांबवायची आणि नामका चू नदीच्या काठावर आहे तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, नेहरू सिलोनला निघतात. पालम विमानतळावर वार्ताहर घेरतात आणि नेफात सैन्याला काय हुकूम आहेत असं विचारतात. आपला प्रदेश मुक्त करण्याचे, असं नेहरू सांगतात. तारीख लष्कराने ठरवायची. मथळे झाले.

या प्रसंगाभोवती मी बराच काळ घोटाळलो आहे. ज्या माणसाला काल रात्री कळलंय की हे आत्ता होणार नाही, तो आज सकाळी हे का बोलतो? बेसावध होता, स्वभावच फटकळ होता, अशी उत्तरं दिली जातात. मला ती पटत नाहीत. तीन वर्षांच्या मथळ्यांनंतर 'आम्ही थांबलो आहोत' हे वाक्य भारताचा पंतप्रधान वार्ताहरांपुढे उच्चारूच शकत नव्हता. आणि जे वाक्य दिल्लीत उच्चारता येत नव्हतं, ते नामका चूवर अमलात आणता येत नव्हतं. ती नदी लढण्याची जागा नव्हती. समोरचा थागला डोंगर चिन्यांच्या ताब्यात, आपले लोक खाली पात्रालगत, अनेकांच्या अंगावर सुती गणवेश. सातव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी मागे, नीट जागी जाऊ द्या म्हणत राहिले. माघार लष्करीदृष्ट्या शहाणपणाची होती. राजकीयदृष्ट्या तिला नाव उरलं नव्हतं. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला आला, ब्रिगेड मोडली, २२ तारखेला दळवी कैद झाले. 'हिमालयन ब्लंडर' हे त्यांचं पुस्तक जळफळाटाने लिहिलेलं आहे. नेहरू, संरक्षणमंत्री मेनन, कौल कुणालाच ते सोडत नाही. त्यातल्या कित्येक निवाड्यांशी माझं जमत नाही, पण नदीवरची ती पानं ज्याने वाचली तो पालमवरचं वाक्य पुन्हा सहज वाचू शकणार नाही.

नेव्हिल मॅक्सवेलने या साऱ्याचं खापर भारतावर फोडलं, तेही अर्थात टोकाचं. हे गृहस्थ 'द टाइम्स'चे दिल्लीतले वार्ताहर. १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक ही भारताची शेवटची ठरेल असं छापून बसलेले. चीनच्या बाजूचं कपट त्यांना दिसतच नाही. पण दिल्लीचे हात संसद आणि वृत्तपत्रांनी बांधले होते, हा मुद्दा त्यांच्याकडून आला म्हणून खोटा ठरत नाही.

म्हणजे प्राध्यापक बरोबर? पूर्ण नाही. वृत्तपत्रांनी चीनशी युद्ध लावलं नाही. त्यांनी परतीचा दरवाजा लावून घेतला. मघाशी मी लढायचं की नाही हे राज्यकर्ते ठरवतात असं म्हटलं, ते सुरुवातीपुरतं खरं आहे. कुठे थांबायचं हे मात्र त्यांच्या हाती उरतंच असं नाही.

आपल्या जिल्ह्याचा त्या दिवसांशी संबंध आहे. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे आपण अजून अभिमानाने म्हणतो. त्यांना लोकसभेत पाठवलं ते नाशिकने, १९६३ मध्ये, बिनविरोध. मोठा माणूस होता, सन्मान योग्यच होता. तरी मनात येतं की नुकत्याच हरलेल्या युद्धाबद्दल प्रचाराच्या सभेत चार अवघड प्रश्न विचारण्याची संधी जिल्ह्याने राजीखुशीने सोडून दिली.

आता मे २०२५. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली. ७ मेला पाकिस्तानविरुद्ध कारवाई सुरू झाली. तिचा निर्णय कुठल्याही निवेदकाने घेतला नव्हता. पण ८ तारखेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराचीचं बंदर उद्ध्वस्त केलं, इस्लामाबादेत फौजा घुसवल्या. चर्चेच्या पार्श्वभूमीला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता, इतका की खरा भोंगा लोक गांभीर्याने घेणार नाहीत म्हणून १० मेला सरकारलाच तो बंद करा असं सांगावं लागलं. पूंछमध्ये तोफमाऱ्यात मेलेल्या एका शिक्षकाला काहींनी अतिरेकी ठरवलं. आणि १० मेच्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी गोळीबार थांबल्याचं जाहीर केलं, तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांना गद्दार म्हटलं गेलं, त्यांच्या मुलीलाही सोडलं नाही. ज्यांना दोन रात्रींपूर्वी कराची जिंकल्याचं सांगितलंय, त्यांना थांबणं ही लूटच वाटणार. यावेळी सरकार भक्कम होतं, थांबू शकलं. डळमळीत असतं तर? प्राध्यापकांनी हा प्रश्न विचारला असता तर मीही टाळी दिली असती.

वाहिन्यांना याची किंमत मोजावी लागत नाही. त्यांची स्वतःचीच नियामक यंत्रणा २०२३ मध्ये जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करू शकत होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेच ही रक्कम नफ्याच्या मानाने क्षुल्लक असल्याचं सुनावलं होतं.

पण मला सगळ्यांत जास्त छळतो तो २७ फेब्रुवारी २०१९ चा दिवस. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या सकाळी हवेत चकमक झाली, वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले, देशाची नजर तिकडे लागली. त्याच सकाळी बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ कोसळलं. आतले सहाही जण गेले, जमिनीवरचा एक नागरिक गेला. सहांत स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते, नाशिकचे. त्यांच्या पत्नीने त्या दिवसांत वार्ताहरांना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की समाजमाध्यमांवरची लढाई थांबवा, एवढा जोश असेल तर सैन्यात भरती व्हा. देवळालीच्या तोफखान्याशेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना हे कळायला अवघड नव्हतं.

हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ती मोठी चूक होती असं उघडपणे कबूल केलं ते ऑक्टोबरात. मधे लोकसभेची निवडणूक लढली गेली आणि जिंकली गेली, बालाकोटच्या नावावर मतं मागून. त्या साऱ्या महिन्यांत रोज रात्री विजय साजरा होत होता. त्या गलक्यात बडगामचा प्रश्न लावून धरला असता तर तो राष्ट्रद्रोहच ठरला असता. हर्स्टला दोष देऊन इथे भागत नाही. हा गलका कुणी मागवला होता असंही नाही. तो आयता मिळाला, आणि ज्यांना उत्तर द्यायचं होतं त्यांना सात महिने पुरला.