फडाचे पाणी आणि चिनी राजनीती

साक्री तालुक्यात पांझरा नदीवर जुने बंधारे एकाखाली एक आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाखालच्या शिवाराला थळ म्हणतात आणि थळाचे बहुधा चार फड पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, आणि पुढच्या वर्षी पिकांचा फेर बदलायचा. पाणी पाटकरी देतो, पीक जागल्या राखतो, वर पंच असतात. ही फडपद्धत काही शतके चालली ती मुख्यतः गावच्या रिवाजावर.

राज्य कायद्याने चालावे की रिवाजाने, हा वाद चीनमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वीच पेटला होता. कन्फ्यूशियसचे (इ.स.पू. 551–479) म्हणणे असे की, नुसत्या शिक्षेच्या धाकाने माणूस पळवाटा शोधतो, त्याला लाज वाटत नाही, राज्यकर्त्याचे वर्तन आणि समाजाची रीत चांगली असेल तर तो आपणहून नीट वागतो. त्यानंतर शतकभराने आलेल्या मेन्सियसने या नीतीला निसर्गाचा पाया दिला. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसले की कुणाच्याही काळजात चर्र होते, म्हणजे चांगुलपणाचे बी जन्मजातच आहे. आणि सुराज्य कसे असते हे दाखवायला त्याने चक्क शेतच आखले: एका जमिनीचे नऊ चौकोन, आठ कुटुंबांना आठ, मधला सर्वांनी मिळून राज्यासाठी कसायचा.

या नकाशाने चिनी विचारवंतांना पुढे हजार-दीड हजार वर्षे झपाटले. इ.स. 9 मध्ये वांग मांग या सम्राटाने फर्मान काढून सगळी जमीन राज्याची ठरवली, खरेदी-विक्री बंद केली. तीन वर्षांत फर्मान मागे घ्यावे लागले. अकराव्या शतकात झांग झाई या तत्त्वज्ञाने निदान एका ठिकाणी हा प्रयोग करून पाहायचे ठरवले होते, पण त्याआधीच तो 1077 मध्ये वारला. पुढे झू शी या विचारवंताने नऊ चौकोनांचा नाद सोडला. गावकऱ्यांनी एकमेकांशी केलेले करार आणि गावाची धान्यकोठारे यांवर त्याने भर दिला. विचार नकाशावरून माणसांकडे आला तो असा.

फड पाहून मेन्सियसची आठवण होते. पण माझ्या मते फडाचा खरा तत्त्वज्ञ त्याचा विरोधक शुन्त्झू. तो म्हणे, माणूस जात्या चांगला वगैरे काही नाही. हाव मोठी, वस्तू थोडी, म्हणून भांडण होते. ते थांबावे म्हणून शहाण्यांनी रीत घालून दिली. फडाची रचना अगदी याच हिशेबाची आहे. एकेका शेतकऱ्याची जमीन सहसा सगळ्या फडांत विभागलेली. त्यामुळे टंचाईच्या साली पंचांनी एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ साऱ्यांनाच बसते. शेजाऱ्याला मारून स्वतः तरायची सोयच नाही. एवढी सोय आधी काढून घेतली की उरलेल्या कामाला लाज पुरते.

एकमेकांवर अवलंबून राहण्याची गरज संपली तेव्हा रीतही ढिली पडली. ज्याची विहीर झाली, मोटार बसली, त्याला पाटकऱ्याची वाट पाहायचे कारण उरले नाही. 2005 मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना अधिकार मिळाले. पण कायदा संस्था देतो; एकमेकांत अडकलेली जमीन देत नाही.

तरीही फडाची आरती ओवाळायला मी तयार नाही. रिवाज आतल्यांना न्याय देतो, बाहेरचा त्याला दिसत नाही. कन्फ्यूशियसच्या समाजात ज्याची त्याची पायरी ठरलेली होती. फडातही पाण्याचा वाटा जमिनीला होता, माणसाला नव्हता. ती कोंडी फोडली 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने: पाणी कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. 2005 च्या कायद्याने फडाकडून बरेच घेता आले असते आणि नायगावकडून हे एक तरी घ्यायला हवे होते. ते घेतले नाही. पाणी वापर संस्थेचे सभासदत्व आजही लाभक्षेत्रातल्या जमीनधारकालाच मिळते.